हलके आसन, मोकळी मोटार : समायोज्य आसनांच्या रचनेची प्रस्तावना

मोटारीचा कोणताही दुसरा भाग माणसाच्या शरीराला आसनाइतका जवळ येत नाही आणि इतका वेळ टेकलेलाही राहत नाही. असे असूनही मराठीतून मोटारीविषयी होणाऱ्या लेखनात इंजिन, इंधनाची बचत, किंमत आणि बाह्यरूप यांना जेवढी जागा मिळते, तेवढी आसनाला मिळालेली नाही. प्रस्तुत ग्रंथ ही उणीव एका नेमक्या बाजूने भरून काढू पाहतो. त्याचा विषय आहे समायोज्य आसन, म्हणजे बसणाऱ्याच्या अंगलटीप्रमाणे मागेपुढे सरकणारे, वरखाली होणारे आणि पाठीकडे कलणारे आसन. आणि त्यातही असे आसन, की जे डोळ्यांना हलके वाटते व ज्यामुळे मोटारीचा अंतर्भाग मोकळा भासतो. या दोन अपेक्षा एकमेकींना छेद देणाऱ्या आहेत. आसन सरकायचे तर खाली रेल हवी, कलायचे तर सांध्यात दात्यांचा रिक्लायनर हवा, वर उचलले जायचे तर चार दांड्यांची जोडणी आणि तिला हलवणारा खटका हवा. आणि हलके दिसायचे तर यांपैकी काहीही नजरेत भरता कामा नये. ही ओढाताण सोडवण्याचे मार्ग गेल्या पाऊण शतकात निरनिराळ्या देशांत निरनिराळ्या पद्धतीने शोधले गेले, आणि त्या मार्गांचा परिचय करून घेतल्यावाचून आजच्या आसनाचे मोल ठरवता येत नाही.

आसनाची बांधणी प्रथम समजून घेणे इष्ट आहे. बहुतेक आसनांच्या पोटात पोलादी पत्र्याची किंवा नळ्यांची फ्रेम असते. तिच्यावर नागमोडी तारेच्या स्प्रिंगा किंवा तारेची जाळी ताणलेली असते. त्यावर साच्यात ओतून घडवलेला पॉलियुरेथेनचा फोम बसतो. आणि त्यावर कापड, रेक्झिन किंवा चामडे यांची शिवलेली खोळ चढते. पॉलियुरेथेनचे रसायन ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये जर्मनीत शोधले, परंतु त्याचा मऊ फोम मोटारीत रुळायला १९५० नंतरचा काळ उजाडावा लागला; त्याआधी गुंडाळीच्या स्प्रिंगा, काथ्या, घोड्याचे केस आणि कापूस यांवर काम चालत असे, व त्यामुळे आसन जाड असणे अटळच होते. पुढच्या एका आसनाचे वजन आजही साधारण १५ ते २५ किलोंच्या घरात असते. म्हणून आसन हलके करणे हा केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. त्याचा थेट संबंध इंधनाशी आणि विजेच्या मोटारीत एका भारणीत कापल्या जाणाऱ्या अंतराशी येतो.

आसनाच्या सर्व मापांचा उगम एका बिंदूत असतो, त्याला एच-बिंदू म्हणतात. बसलेल्या माणसाचे धड आणि मांडी ज्या ठिकाणी एकमेकांशी वळतात, त्या खुब्याच्या सांध्याचे हे कल्पित स्थान होय. हा बिंदू आधी ठरतो. मग त्याच्यापासून डोळ्यांची पातळी, छताची उंची, पायांच्या पट्ट्यांचे अंतर आणि सुकाणूचक्राची जागा निघते. एच-बिंदू मोजण्यासाठी वजने लावलेला मानवाकृती पुतळा वापरतात, आणि १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रमाणित झालेला हा पुतळा प्रामुख्याने अमेरिकी पुरुषाच्या देहावर बेतलेला होता. येथे शततमक ही संज्ञा उपयोगी पडते: शंभर माणसे चढत्या उंचीप्रमाणे रांगेत उभी केली तर पाचव्या क्रमांकावरची व्यक्ती पाचव्या शततमकाची आणि पंचाण्णवाव्या क्रमांकावरची व्यक्ती पंचाण्णवाव्या शततमकाची. पाचव्या शततमकातील स्त्रीपासून पंचाण्णवाव्या शततमकातील पुरुषापर्यंत सर्वांना गाडी चालवता आली पाहिजे, हा समायोजनामागचा मूळ हिशेब आहे. भारतीय देहांची मापे रचनाकारांच्या हाती एकत्रित स्वरूपात आली ती बऱ्याच उशिरा. देबकुमार चक्रवर्ती यांचा भारतीय शरीरमापांचा संग्रह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर भारतात बनलेल्या मोटारींची आसने परक्या मापांवर उभी होती, आणि त्या मापांत न बसणारे प्रवासी उशी, घडी घातलेली चादर किंवा पाठीमागचा टॉवेल यांच्या साहाय्याने आपले समायोजन स्वतः करून घेत होते. हा घरगुती उपाय उपेक्षणीय मानण्याचे कारण नाही. आसनाच्या रचनेत नेमके काय उणे होते, याचा तो अत्यंत विश्वसनीय पुरावा आहे.

मोकळेपणाचे गणितही एच-बिंदूतूनच निघते. माणूस जमिनीलगत बसला की पाय पुढे लांब पसरतात आणि मोटारीची लांबी खर्ची पडते. तोच उंच बसला की गुडघे खाली वळतात, पाठ सरळ होते आणि तेवढ्याच लांबीत मागच्या प्रवाशाला जागा उरते. भारतात १९९८ मध्ये आलेली सँट्रो आणि १९९९ च्या अखेरीस आलेली वॅगन आर या उंच छताच्या लहान मोटारींनी याच तत्त्वावर घरे जिंकली. उंच आसनाचा आणखी एक लाभ येथील कुटुंबांना विशेष मानवला: गुडघे दुखणाऱ्या वृद्धांना आणि साडी नेसलेल्या स्त्रियांना अशा आसनावर बाजूने टेकून आत वळता येते, खाली वाकून शिरावे लागत नाही.

आसनरचनेच्या परंपरांपैकी सर्वांत जुनी परंपरा दिवाणखान्यातील सोफ्याची होय. अमेरिकी मोटारींत पुढचे आसन म्हणजे दारापासून दारापर्यंत पसरलेले एकसंध बाक असे. ते ऐसपैस वाटे, परंतु सरकले तर सर्वांसाठी एकदम सरके, म्हणजे ठेंगण्या चालकाच्या सोयीसाठी शेजारच्या उंच माणसाचे गुडघे डॅशबोर्डला लागत. मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यात तयार होणारी फियाट ११०० आणि तिचीच पुढची पद्मिनी यांनी हे बाक महाराष्ट्राच्या घराघरांत परिचित केले. मूळ सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर २०२३ पर्यंत धावली. तिचा गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबावर असल्यामुळे पुढे तीन माणसे बसू शकत, आणि बाकाचा हा उपयोग लोकांना इतका सवयीचा झाला की पुढे स्वतंत्र आसने आली तेव्हा एक माणूस कमी झाल्याची चुटपुट अनेक कुटुंबांना लागली.

दुसरी परंपरा ताणाची. या ग्रंथाच्या दृष्टीने ती सर्वांत मोलाची आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबणे भाग आहे. फ्रान्समधील सित्रोएन कंपनीचे प्रमुख प्येर ब्युलांजे यांनी १९३० च्या दशकात शेतकऱ्यांसाठी एक मोटार मागितली: तिने दोन माणसे आणि ५० किलो बटाटे न्यावेत, आणि नांगरलेल्या शेतातून जाताना टोपलीतले अंडे फुटू नये. तिच्या आरंभीच्या नमुन्यांत आसने चक्क छतापासून तारांनी टांगलेली होती. १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात जी करआकारणीच्या हिशेबाने दोन अश्वशक्तीची सित्रोएन प्रकट झाली, तिची आसने नळ्यांच्या चौकटीवर रबराच्या पट्ट्या ताणून आणि त्यावर कापड घालून केलेली होती. ती उचलून बाहेर काढता येत आणि शेताच्या बांधावर मांडून त्यांवर बसता येई. मराठवाड्यातील सुतळीने विणलेली बाज ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या रचनेचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागत नाही: भार जाडीने पेलायचा नसून ताणाने पेलायचा, चौकट कडेला ठेवायची आणि मध्ये हवा खेळू द्यायची. रचनाकार जोर्जेत्तो जुजारो यांनी १९८० च्या फियाट पांडासाठी हीच वाट पुढे नेली. तिच्या आसनांच्या खोळी काढून धुता येत, आणि मागचे आसन दोन आडव्या नळ्यांमध्ये ताणलेल्या कापडाचे असून ते निरनिराळ्या स्थितींत लावता येई, झोळीसारखे ढिले सोडून त्यात सामान ठेवता येई किंवा सपाट करून झोपताही येई. समायोजन आणि हलकेपणा यांचे भांडण पांडात जवळजवळ मिटलेले दिसते, कारण तेथे समायोजनासाठी वेगळे यंत्र जोडलेलेच नव्हते. कापड आणि नळी यांची जागा बदलली की आसन बदलत असे. पुढील काळात सुरक्षेचे नियम कडक झाले आणि ही वाट अरुंद झाली, तरी कार्यालयीन खुर्च्यांत १९९४ च्या एरॉन खुर्चीने ताणलेल्या जाळीचा जो प्रसार केला, त्यामुळे मोटारीचे रचनाकार पुन्हा या तत्त्वाकडे वळले.

तिसरी परंपरा स्वीडनमधील वैद्यकाची. बेंग्ट ओकरब्लोम यांनी १९४८ मध्ये बसण्याच्या व उभे राहण्याच्या ढबीचा अभ्यास मांडला, आणि कमरेच्या मणक्याला आधार मिळाला तरच पाठ टिकते हे दाखवून दिले. १९६० च्या दशकात आल्फ नाकेम्सन यांनी मणक्यांमधील चकतीवरचा दाब प्रत्यक्ष मोजला, तेव्हा आधारावाचून बसणे हे उभे राहण्यापेक्षा पाठीला जड जाते असे आढळले. व्होल्वो आणि साब यांच्या आसनांतील कमरेचा समायोज्य आधार या संशोधनाच्या वातावरणातच घडला. जर्मनीतील रेकारोने शर्यतीच्या अंगाने देहाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे कवचासारखे आसन रूढ केले. त्याचे कौशल्य मान्य करूनही ते या ग्रंथाच्या विषयापासून दूरचे आहे, कारण उंच कडा मोकळेपणाला मारक ठरतात. याउलट मारिओ बेलिनी यांची १९७२ मधील कार-अ-सूत्र ही प्रदर्शनमोटार, १९८४ ची रेनॉ एस्पास, मागचे आसन सरकवता येणारी १९९३ ची ट्विंगो आणि २००१ ची होंडा जॅझ या मालिकेने आसनाकडे खोलीतील सामान म्हणून पाहिले: ते हलते, वळते, दुमडते, निघते, आणि त्याच्याभोवतीची रिकामी जागा हीच खरी रचना असते.

महाराष्ट्राने या क्षेत्रात घातलेली भर प्रामुख्याने पुण्याची आहे. १९६६ मध्ये पुण्यात स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आसनांची, पट्ट्यांची आणि त्यांच्या बांधणीची चाचणी घेते, मुंबईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक डिझाइन केंद्र १९६९ पासून रचनाकार घडवत आले आहे. आणि चाकणच्या परिसरात जगातील मोठ्या आसननिर्मात्यांचे कारखाने उभे आहेत. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या टाटा इंडिकापुढे ठेवलेले उद्दिष्ट बोलके होते: बाहेरून झेनएवढी, आतून अँबॅसडरएवढी ऐसपैस आणि किमतीला मारुती ८०० च्या आसपास. १० जानेवारी २००८ रोजी प्रकट झालेल्या नॅनोने हा विचार टोकाला नेला. जेमतेम ३.१ मीटर लांबीची ही मोटार मारुती ८०० पेक्षा बाहेरून ८ टक्के लहान आणि आतून २१ टक्के मोठी असल्याचे निर्मात्यांनी सांगितले होते. इंजिन मागे, चाके चार टोकांना, बसण्याची पातळी उंच आणि आसने सडपातळ, असा तो मेळ होता. नॅनो बाजारात टिकली नाही. परंतु अंतर्भागाच्या मांडणीपुरते बोलायचे तर भारतात झालेला तो सर्वांत धाडसी विचार होता, आणि तिच्या विक्रीच्या आकड्यांखाली हा विचार गाडला जाणे अन्यायाचे ठरेल.

या सर्व परंपरांची कसोटी मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेपेक्षा हिंगोलीसारख्या जिल्ह्यात अधिक कठोरपणे लागते, आणि ग्रंथाने आपले उदाहरणक्षेत्र म्हणून याच जिल्ह्याची निवड केली आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा आहे. उपचारासाठी आणि बाजारासाठी नांदेडची वाट, औंढा नागनाथाचे दर्शन, नर्सीची यात्रा, लग्नसराईतील गावोगावचे फेरे, हंगामात वसमतच्या बाजाराकडे निघालेली हळद: या प्रवासांत एका मोटारीत माणसे ठरल्यापेक्षा अधिक असतात आणि सामानही असते. काळी-पिवळी जीप, कमांडर आणि ट्रॅक्स यांच्या पाठीमागची समोरासमोरची लांब बाके येथील दोन पिढ्यांनी पाहिली आहेत. त्या बाकांवर पाठीला आधार नव्हता आणि पट्टाही नव्हता, तरी ती बाके दाटीत सामावून घेत, खाली पिशव्या सरकवू देत आणि मधली जागा मोकळी ठेवत. या उपयोगांची दखल न घेता केलेले आसन येथे परके वाटते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा रेक्झिनचे आसन उन्हात उभ्या मोटारीत चटके देते. म्हणून त्यावर सुती टॉवेल किंवा लाकडी मण्यांची चटई येते, आणि पाठीमागे हवा खेळती ठेवण्याचे जे काम युरोपात १९९० च्या दशकापासून पंख्याच्या आसनांनी केले, ते येथे मण्यांच्या फटी करत आलेल्या आहेत.

रस्त्याचा प्रश्न याहून गहन आहे. बसलेल्या माणसाचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांना सेकंदाला साधारण चार ते आठ आवर्तनांच्या पट्ट्यात सर्वाधिक संवेदनशील असते, आणि जाड फोमचे आसन त्यावर बसलेल्या माणसासह सुमारे चार आवर्तनांनाच डोलू लागते. फोम नुसताच पातळ केला तर खड्ड्यात तो पूर्ण दबतो आणि धक्का फ्रेममधून थेट माकडहाडापर्यंत पोचतो. पातळ आसन खराब रस्त्यावर टिकवायचे असेल तर फोमच्या खालची ताणलेली जाळी, तिच्या टोकांचे आकडे आणि फोमची घनता यांचा मेळ नव्याने बसवावा लागतो. शोरूममध्ये हलके दिसणारे आसन कळमनुरी किंवा सेनगावच्या आतल्या रस्त्यावर तासाभरात जड होते, ते बहुधा हा मेळ न बसवल्यामुळेच.

हलके दिसण्याची कला आता वेगळी पाहता येईल. पुढच्या आसनाची पाठ तीन सेंटिमीटरने पातळ झाली की मागच्याच्या गुडघ्याला तेवढीच जागा प्रत्यक्ष मिळते, परंतु डोळ्यांना मिळणारा मोकळेपणा त्याहून कितीतरी अधिक असू शकतो. पाठीच्या पृष्ठभागाला आतल्या बाजूने पोकळ वळण देणे, कडा निमुळती करून तिच्यावर बारीक शिलाईची किंवा पायपिंगची रेघ धरणे, हेडरेस्ट आणि पाठ यांच्यामध्ये उजेड दिसेल अशी फट ठेवणे, आसनाचा खालचा भाग गडद व वरचा फिका ठेवणे, रेलच्या आवरणांना जमिनीच्या रंगात मिसळणे आणि आसनाखाली मागच्याचे पाऊल शिरेल इतकी पोकळी राखणे, हे त्यातील मुख्य उपाय होत. भारतीय ग्राहकांना फिकट बदामी अंतर्भाग आवडतो तो याच मोकळ्या भासासाठी. धूळ आणि हळदीचे डाग यांच्यापुढे तो रंग टिकत नाही, म्हणून बसण्याच्या भागाला गडद आणि पाठीला फिकट असा विभाग करणे ग्रामीण वापराला अधिक योग्य ठरते. दुकानातून चढवलेल्या जाड कव्हरमुळे ही सारी मेहनत एका दुपारीत झाकली जाते, आणि आसनाच्या कडेत बसवलेली एअरबॅग असेल तर तिची शिवणही बंद होते. तालुक्याच्या गावातील कुशनच्या कारागिरापर्यंत ही माहिती पोचणे अत्यावश्यक आहे.

हलकेपणाला सुरक्षेची मर्यादा आहे आणि ती ओलांडता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सतराव्या क्रमांकाच्या नियमानुसार पाठीच्या चौकटीने तिला मागे वाकवू पाहणारे ५३० न्यूटन-मीटरचे आघूर्ण, म्हणजे फिरवण्याचे बल, सोसले पाहिजे, आणि आसनाच्या बांधणीने गुरुत्वाच्या वीसपट मंदनातही जागा सोडता कामा नये. मागून धडक बसली की मान मागे फेकली जाते, म्हणून हेडरेस्ट डोक्याच्या जवळ आणि पुरेसे उंच हवे. समोरून धडक बसली की देह कमरेच्या पट्ट्याखालून पुढे घसरू शकतो, म्हणून बैठकीच्या पुढच्या भागात पोलादी चढ हवा. ताणलेल्या कापडाच्या परंपरेला जे आव्हान मिळाले ते येथून. अधिक बळाचे पोलाद, मॅग्नेशियम आणि तंतुमिश्रित प्लास्टिक यांमुळे आता बारीक चौकटही हे भार पेलू शकते, परंतु त्याची किंमत मोजावी लागते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या भारत एनकॅपमुळे धडक चाचणीचे तारे ग्राहकांच्या बोलण्यात आले असून, आसन व पट्टा यांकडे खरेदीच्या वेळी पाहिले जाऊ लागले आहे.

आज या विषयाची निकड वाढण्याचे सर्वांत मोठे कारण विजेची मोटार हे आहे. रांजणगाव आणि चाकण येथून निघणाऱ्या नव्या मोटारींत बॅटरी जमिनीखाली पसरलेली असते. त्यामुळे मधला उंचवटा नाहीसा होऊन जमीन सपाट होते, पण ती वरही येते. जमीन वर आली आणि छत तेथेच राहिले, की मागे बसलेल्याचे गुडघे उचलले जातात, मांडीखालचा आधार सुटतो आणि सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो. जाहिरातीत ऐसपैस दिसणारी अशी मोटार लांबच्या प्रवासात मागच्या प्रवाशाला थकवते. यावर उतारा म्हणून पुढच्या आसनाखाली पाऊलजागा खोलगट करणे, मागच्या बैठकीचा कोन बदलता ठेवणे आणि पुढचे आसन मागूनच सरकवता येईल असा खटका देणे हे पर्याय पुढे आले आहेत. यांतील पहिले दोन पर्याय दुर्लक्षित राहतात, कारण समायोजनाचा सगळा खर्च चालकाच्या आसनावर करण्याची रीत पडलेली आहे.

प्रस्तुत ग्रंथ या रीतीला स्पष्ट विरोध करतो. पातळ आसनाने वाचवलेली जागा कोणाच्या वाट्याला जाते, हा त्याचा मध्यवर्ती प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर ग्रंथकर्ते मागच्या रांगेत शोधतात, जेथे येथील कुटुंबांत आजी, लेकुरवाळी सून आणि शाळकरी मुले बसतात आणि जेथे बहुधा एकही खटका नसतो. विद्युत मोटरींनी हलणाऱ्या, स्मृती राखणाऱ्या महागड्या आसनांचा विचार ग्रंथात जाणीवपूर्वक थोडक्यात आटोपला आहे. हाताने चालणारी रेल, साधा रिक्लायनर, ताणलेली बैठक आणि धुता येणारी खोळ यांच्यावर भर आहे. डिझाइनचे विद्यार्थी, कारखान्यातील अभियंते आणि गावोगावचे कुशन कारागीर या तिघांनाही वाचता यावा म्हणून आकृत्यांना मराठी नावे दिली आहेत आणि कारखान्यात रुळलेले शब्द तसेच राखले आहेत.

वाचनापूर्वी वाचकाने घरच्या किंवा शेजारच्या मोटारीत चार मापे साध्या टेपने घ्यावीत: पुढचे आसन पूर्ण मागे सरकवल्यावर त्याच्या पाठीपासून मागच्या पाठीपर्यंतचे अंतर, मागच्या बैठकीची जमिनीपासूनची उंची, पुढच्या आसनाखालील पोकळीची उंची, आणि पुढच्या पाठीची सर्वांत जाड ठिकाणची जाडी. पुढील विवेचनात ही चारही मापे वारंवार येतात, आणि दोन मोटारींची मापे शेजारी मांडली असता त्यांपैकी कोणती मागच्या प्रवाशासाठी रचलेली आहे ते बऱ्याच अंशी कळून येते.